‘पाय’ नेमका कुठून कुठपर्यंत? अवयवांची नावे आणि भाषांच्या सीमा

पांझराकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी साक्री तालुक्यातील एका आरोग्य उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. आमच्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी बहुतेक जण घरी अहिराणी बोलतात, पश्चिमेकडील पाड्यांवरून येणारे लोक भिली किंवा मावची बोलतात, आणि नोंद करायचा तक्ता मात्र इंग्रजी रकान्यांचा असतो. त्या तक्त्यात ‘हँड’ आणि ‘आर्म’, ‘फूट’ आणि ‘लेग’ असे वेगवेगळे रकाने आहेत. एखादी आजी ‘मन्हा पाय दुखतस’ असे सांगते, तेव्हा दुखणे खुब्यात आहे, पोटरीत आहे की टाचेत, हे तिच्या वाक्यावरून कळत नाही. माझा एक सहकारी म्हणतो की आपल्या बोलीच मोघम आहेत आणि इंग्रजी नेमकी आहे. मला हे पटत नाही. पण ते खोडून काढण्याइतका अभ्यास माझ्यापाशी नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. जगातील इतर भाषा शरीराचे भाग कसे पाडतात आणि त्यांत आपली मराठी-अहिराणी कुठे बसते? आणि उपकेंद्राच्या भिंतीवर लावण्यासाठी, तसेच आशाताईंच्या हाती देण्यासाठी, आपल्या भागातील बोलींमधील अवयवांच्या नावांचा तक्ता करायचा असेल, तर तो कोणत्या पद्धतीने करावा?

गिरणाकाठ

ताई, आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे चुकीचे आहे, आणि त्याला उत्तर देता येईल इतकी माहिती भाषावैज्ञानिकांनी गोळा केलेली आहे. जगातील भाषांच्या रचनावैशिष्ट्यांचा जो मोठा नकाशासंग्रह 2005 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सेसिल ब्राउन यांनी ‘पंजा’ आणि ‘संपूर्ण हात’ यांना एकच शब्द आहे की दोन, हे 617 भाषांत तपासलेले आहे. त्यांपैकी 228 भाषांत दोहोंना एकच शब्द आहे आणि 389 भाषांत वेगवेगळे शब्द आहेत. म्हणजे आपण ज्याला बोलीचा मोघमपणा समजतो, तो जगातील तपासलेल्या भाषांपैकी एक तृतीयांशाहून अधिक भाषांचा रिवाज आहे. रशियन भाषेतील ‘रुका’ खांद्यापासून बोटांपर्यंत जातो आणि ‘नोगा’ मांडीपासून पावलापर्यंत. तमिळमधील ‘कै’ आणि ‘काल’ हे शब्दही असेच लांब पल्ल्याचे आहेत. या भाषांमध्ये शस्त्रक्रिया होतात, शरीररचनाशास्त्र शिकवले जाते, आणि त्यात कोणाचे काही अडत नाही.

या फरकाचे कारण देताना ब्राउन यांनी हवामान आणि कपड्यांचा विचार केला आहे. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांत दोहोंना एकच शब्द असण्याचे प्रमाण जास्त दिसते, आणि थंड प्रदेशांत बाह्यांच्या कपड्यांमुळे मनगटाशी एक ठळक रेषा उमटते, म्हणून तेथे पंजा आणि बाहू निराळे मानले गेले असावेत, असा त्यांचा तर्क आहे. मला तो अर्धाच पटतो, कारण रशियात थंडी काही कमी नाही आणि तरीही तेथे एकच शब्द टिकलेला आहे.

याहून दूरची उदाहरणे अधिक बोलकी आहेत. सॉलोमन बेटांवरील लावुकालेवे भाषेत हात आणि पाय या दोहोंना मिळून एकच शब्द आहे, आणि पावलाला मात्र स्वतंत्र शब्द आहे. याच्या अगदी उलट मलेशियाच्या डोंगराळ जंगलात राहणाऱ्या जहाई लोकांची भाषा आहे. तिच्यात दंड, कोपरापुढचा भाग आणि पंजा यांना तीन साधे, स्वतंत्र शब्द आहेत, पण त्या तिघांना मिळून ‘हात’ म्हणावे असा शब्दच नाही. जहाई माणसाने इंग्रजीकडे पाहिले, तर त्याला इंग्रजीतील ‘आर्म’ मोघम वाटेल, कारण दंड आणि कोपरापुढचा भाग हे दोन्ही त्या एका शब्दात एकत्र कोंबलेले आहेत.

आता मराठीकडे पाहू. ‘पाय’ हा आपला शब्द लांबलचक आहे हे खरे. परंतु त्याच्या पोटात खुबा, जांघ, मांडी, गुडघा, पोटरी, नडगी, घोटा, टाच, पाऊल, तळपाय, चवडा आणि बोटे इतकी नावे आहेत. पोटरी म्हणजे मागचा मांसल भाग आणि नडगी म्हणजे पुढचे हाड, हा भेद आपल्याकडे शेतात राबणारा कोणीही माणूस सहज करतो. गुडघ्याला आपल्याकडे पूर्वेकडील गावांत टोंगळा म्हणतात, आणि ‘ळ’चा ‘य’ होऊन टोंगयाही म्हणतात. डोळ्याचा डोया आणि कपाळाचे कपाय होते, तसेच हे. तेव्हा आजींपाशी नेमके शब्द आहेतच. त्यांनी ‘पाय दुखतस’ असे सांगून बोलण्याला सुरुवात केलेली असते, आणि पुढचा प्रश्न आपण विचारावा अशी त्यांची अपेक्षा असते.

एक गोष्ट मात्र जवळपास सगळीकडे सारखी आढळते. पायाच्या भागांना हाताच्या भागांची नावे उसनी दिली जातात, आणि हाताच्या भागांना पायाची नावे सहसा दिली जात नाहीत. आपण ‘पायाचे बोट’ म्हणतो, स्पॅनिश माणूसही ‘देदो देल प्ये’ म्हणजे पायाचे बोटच म्हणतो, आणि तुर्की भाषेत घोट्याला पायाचे मनगट म्हणतात. जपानीत मनगट ही हाताची मान आहे आणि घोटा ही पायाची मान आहे. इंग्रजीत पायाच्या बोटाला ‘टो’ असा वेगळा शब्द आहे, परंतु असा शब्द असलेल्या भाषेत हाताच्या बोटालाही वेगळा शब्द असतोच.

शिरपूरची परिचारिका

ताई, गिरणाकाठ यांनी हातापायांविषयी जे लिहिले ते योग्यच आहे. पण उपकेंद्रात खरी अडचण हातापायांच्या नावांत येत नाही, ती ज्या भागांचे नाव घेतले जात नाही त्यांच्यात येते. आपल्या तक्त्यात हा भाग वगळला गेला, तर तो तक्ता बायकांच्या उपयोगाचा राहणार नाही, म्हणून मी जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडची बाई लाजेपोटी भागाचे नाव टाळते आणि त्याच्या जागी सबंध शरीराचे नाव घेते. ‘अंग’ म्हणजे शरीर, हे आपण शाळेत शिकतो. पण बाई ‘अंग बाहेर येतं’ असे म्हणते, तेव्हा तिला गर्भाशय खाली सरकल्याचे सांगायचे असते. ‘अंगावर पांढरं जातं’ म्हणजे योनिमार्गातून स्राव होतो. ‘अंगावरून लाल जातं’ म्हणजे रक्तस्राव होतो. ‘बाळ अंगावर पितं’ यातील अंग म्हणजे स्तन. एकाच शब्दाचे हे तीन निरनिराळे भाग झाले, आणि ऐकणाऱ्याला क्रियापदावरून आणि विभक्तीवरून कोणता भाग हे ओळखावे लागते. बाहेरच्या भाषेत वाढलेल्या आणि नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांना ‘अंग बाहेर येतं’ याचा शब्दशः अर्थ लावताच येत नाही, आणि बाई लाजून पुन्हा सांगत नाही. मग ती कंबर दुखते एवढेच सांगते आणि कंबरेच्या गोळ्या घेऊन घरी जाते. हे मी अनेकदा पाहिलेले आहे, आणि त्यात त्या बाईचा काहीही दोष नसतो.

गर्भाशयाला ‘पिशवी’ म्हणतात हे आपल्याला ठाऊक असेलच. ‘पिशवी काढली’ असे म्हणणाऱ्या बाईला अंडाशयेही काढली आहेत का, हे सहसा माहीत नसते, कारण पिशवी या एका शब्दात तिच्या दृष्टीने सगळे येते. त्यामुळे शस्त्रक्रियेचा कागद पाहिल्याशिवाय नोंद करू नये. ‘कूस’ हा शब्दही दुहेरी आहे. ‘कुशीवर झोपा’ यातील कूस म्हणजे बरगड्यांपासून कंबरेपर्यंतची बाजू, आणि ‘कूस उजवली’ यातील कूस म्हणजे गर्भाशय. ‘ओटीपोट’ हा शब्द मात्र मला फार मोलाचा वाटतो, कारण तो बेंबीखालच्या भागाला नेमका लागतो, उच्चारताना बाईला संकोच वाटत नाही, आणि शिकलेल्या-न शिकलेल्या सगळ्यांना कळतो. तक्त्यात तो ठळक लिहावा.

दुखण्याची नावेही भागाबरोबरच जोडून घ्यावीत, कारण पुष्कळदा दुखण्याचे नाव ऐकले की भाग आपोआप कळतो. पाठीत किंवा कंबरेत उसण भरते, पोटरीत गोळे येतात, बरगडीत चमक निघते, छातीत कळ येते, हातापायांना मुंग्या येतात. डोक्याला किंवा डोळ्याला कोणी उसण भरली असे म्हणत नाही.

तापी-पूर्णा

या चर्चेत थोडी ऐतिहासिक भर घालतो. मी रावेरकडचा आहे आणि सातपुड्यातील बोलींच्या जुन्या नोंदी वाचण्याचा मला छंद आहे.

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात खानदेशी ही मराठीच्या खंडात न ठेवता, नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिली भाषांबरोबर ठेवलेली आहे. तो भाग 1907 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या सर्वेक्षणात प्रत्येक बोलीसाठी एकच ठरावीक शब्दयादी भरून घेतली जात असे, आणि तिच्यात हात, पाऊल, नाक, डोळा, तोंड, दात, कान, केस, डोके, जीभ, पोट आणि पाठ हे शब्द ओळीने येतात. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यावर मॉरिस स्वदेश यांनी भाषांची नाती मोजण्यासाठी शंभर मूलभूत शब्दांची जी यादी केली, तिच्यातही अवयवांची नावे बरीच आहेत, कारण ही नावे भाषा सहजासहजी उसनी घेत नाहीत, असा अनुभव आहे.

या टिकाऊपणाचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारीच आहे. मेळघाटात आणि बुऱ्हाणपूर-खंडव्याकडे बोलली जाणारी कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे. तिच्यात हाताला ‘ती’, डोळ्याला ‘मेड’ आणि नाकाला ‘मू’ म्हणतात. व्हिएतनामी भाषेत यांनाच अनुक्रमे ‘ताय’, ‘मात’ आणि ‘मुई’ म्हणतात, आणि हे शब्द एकाच मूळच्या ऑस्ट्रो-आशियाई शब्दांपासून आलेले आहेत, कारण मुंडा भाषा आणि व्हिएतनामी या दोन्ही त्याच मोठ्या कुळात येतात. हजारो वर्षे आणि हजारो किलोमीटर मध्ये पडूनही हात, डोळा आणि नाक ओळखू येतात. आपल्याकडेही तसेच आहे: संस्कृत ‘जानु’, फारसी ‘जानू’, लॅटिन ‘गेनु’ आणि इंग्रजी ‘नी’ हे गुडघ्याचे सगळे शब्द एकाच घरातले आहेत. त्याच रांगेत मराठीने ‘गुडघा’ आणि खानदेशाने ‘टोंगळा’ हे निराळे शब्द स्वीकारले, ही गोष्ट मला फार कुतूहलाची वाटते.

परंतु नाव टिकले म्हणजे त्याची जागा टिकतेच असे नाही, आणि ताईंच्या प्रश्नाचा गाभा मला येथे दिसतो. संस्कृतमध्ये ‘जंघा’ म्हणजे घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचा भाग. हिंदीत ‘जाँघ’ म्हणजे मांडी. मराठीत ‘जांघ’ म्हणजे मांडी आणि ओटीपोट यांच्यामधला सांधा. एकच शब्द तीन टप्प्यांत नडगीपासून वर चढत गेलेला आहे. हिंदी मातृभाषा असलेल्या डॉक्टरांना आपल्या रुग्णाने ‘जांघेत गाठ आली’ असे सांगितले, तर ते मांडीवर गाठ शोधतील, आणि रुग्णाला मात्र जांघेतील अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, दाखवायचे असेल. युरोपातही असेच घडलेले आहे: लॅटिनमध्ये ‘कोक्सा’ म्हणजे खुबा, आणि त्यापासून आलेला फ्रेंच ‘क्विस’ म्हणजे मांडी, लॅटिन ‘बुक्का’ म्हणजे गाल, आणि त्यापासून आलेला फ्रेंच ‘बूश’ म्हणजे तोंड.

डेव्हिड विल्किन्स यांनी 1996 मध्ये अशा बदलांचा अभ्यास मांडला. त्यांच्या मते भागाचे नाव हळूहळू त्याच्याभोवतीच्या मोठ्या भागाला लागू होणे हा नैसर्गिक कल आहे, आणि मोठ्याचे नाव लहानाला लागणे विरळ. परिचारिकाताईंनी दिलेले ‘अंग’ या शब्दाचे उदाहरण नेमके या कलाच्या विरुद्ध जाते, कारण तेथे बदल संकोचातून झालेला आहे. अशी उदाहरणे बायकांच्या बोलण्यातून गोळा केली नाहीत, तर ती कोणत्याच कोशात येणार नाहीत, असे मला मनापासून वाटते.

पांझराकाठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, याबद्दल मनःपूर्वक आभार. जांघेचे उदाहरण वाचून मी आजच नोंदवहीतील तो रकाना तपासला. आणखी एक विचारते. ‘काळजात धडधडतं’ असे रुग्ण म्हणतात तेव्हा मी हृदय असे लिहिते; पण मटणाच्या दुकानात काळीज मागितले तर यकृत मिळते. यात बरोबर काय मानावे?

तापी-पूर्णा

दोन्ही बरोबर आहेत. काळीज आणि हिंदी ‘कलेजा’ हे मुळात यकृताचे नाव आहे. पण भावना यकृतात वसतात, ही समजूत अनेक भाषांत आहे, आणि भावनेचे घर म्हणून काळीज हळूहळू हृदयाच्या जागी आले. इंडोनेशियाच्या भाषेत ‘हाती’ म्हणजे यकृत, आणि प्रेम, दुःख, काळजी हे सगळे तेथे ‘हाती’मध्येच असते, छातीत धडधडणाऱ्या अवयवाला मात्र त्यांचा ‘जांतुंग’ हा वेगळा शब्द आहे. फारसीतून आपल्याकडे आलेल्या ‘जिगर’चा मूळ अर्थही यकृतच, आणि तो संस्कृत ‘यकृत्’ या शब्दाचा सख्खा भाऊ आहे. रुग्ण धडधड सांगत असेल तर हृदयच लिहावे; परंतु उजव्या बरगडीखाली हात ठेवून कोणी काळीज म्हणाले, तर यकृताचा विचार सोडू नये.

तळोदेकर गुरुजी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवतो. आमच्याकडची मुले घरी भिलीच्या निरनिराळ्या बोली बोलतात. ‘हाताला काय म्हणतात?’ असे मराठीतून विचारले की मूल मराठी शब्दच उलटून सांगते, कारण गुरुजींना तेच हवे आहे असे त्याला वाटते. आपल्याच अंगाला हात लावून ‘इथून इथपर्यंत तुमच्या घरी काय म्हणतात?’ असे विचारले, की घरचा शब्द येतो आणि त्याची हद्दही कळते.

बोटांच्या बाबतीत एक सूचना आहे. रक्त तपासणीसाठी पुष्कळदा करंगळीशेजारचे बोट टोचतात, आणि त्याला पुस्तकात अनामिका, म्हणजे नाव नसलेली, असे म्हणतात. चिनी, रशियन आणि फिनिश या भाषांतही ते बोट बिननावाचेच आहे. आमच्या मुलांच्या आज्या त्याला मरंगळी म्हणतात. अनामिका हा शब्द तक्त्यात एकटाच लिहिला, तर तो फारच थोड्यांना कळेल.

गिरणाकाठ

गुरुजींनी सांगितलेली पद्धत शास्त्रीयदृष्ट्याही योग्य आहे, आणि ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच आहे. ग्रिअर्सन यांची यादी काय किंवा स्वदेश यांची यादी काय, दोन्हींत दोष एकच आहे: इंग्रजी शब्द आधी लिहिलेला असतो आणि त्याच्यापुढची रिकामी जागा भरायची असते. ‘फूट’ या शब्दापुढे ‘पाय’ लिहिला की रकाना भरतो, पण तो पाय खुब्यापर्यंत जातो ही माहिती हरवते. आपल्या नोंदीच्या तक्त्यात हेच घडत आहे.

2006 मध्ये आसिफा मजीद, निक एनफिल्ड आणि मिरियम व्हान स्टाडेन यांनी शरीरावयवांच्या नावांवरील संशोधनाचा एक विशेषांक संपादित केला. जहाई आणि लावुकालेवे यांची माहिती त्यातच आलेली आहे. त्या संशोधनात वापरलेली एक सोपी पद्धत अशी की, बोलणाऱ्याच्या हाती शरीराच्या बाह्यरेषेचे कोरे चित्र द्यायचे, एक शब्द उच्चारायचा, आणि त्या शब्दाचा भाग त्याला रंगवायला सांगायचा. प्रत्येक शब्दासाठी नवे चित्र घ्यायचे, म्हणजे आधीच्या रंगाच्या रेषेचा प्रभाव पुढच्या उत्तरावर पडत नाही. एका गावातील काही बायका, काही पुरुष, म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले यांच्याकडून अशी चित्रे रंगवून घेतली, की कुठे एकमत आहे आणि कुठे नाही हे उघड दिसते. माझा अंदाज आहे की गुडघ्याच्या बाबतीत सगळ्यांचे रंग जुळतील, आणि कंबर, पाठ व कूस यांच्या हद्दींवर सर्वाधिक मतभेद निघतील, कारण तेथे सांधा दिसत नाही.

तक्ता त्यानंतर करावा. त्यात आधी रंगवलेला भाग असावा आणि त्याच्या शेजारी अहिराणी, भिली, मावची व मराठी शब्द असावेत. इंग्रजी शब्द सर्वांत शेवटी, फक्त नोंद करणाऱ्याच्या सोयीसाठी असावा.

शिरपूरची परिचारिका

ही पद्धत मला मनापासून आवडली. दोन गोष्टी मात्र आधीच ठरवून घ्याव्यात. पुढून, मागून आणि बाजूने अशी तिन्ही चित्रे छापावीत, कारण कूस पुढच्या चित्रात दाखवताच येत नाही आणि उसण कुठे भरते ते मागच्या चित्राशिवाय कळत नाही. आणि बायकांची चित्रे बायकांनीच, दार लावून, आशाताईंच्या उपस्थितीत रंगवून घ्यावीत. तेथे ‘अंग’ हा शब्द उच्चारून त्याचे चारही उपयोग वेगवेगळ्या चित्रांवर दाखवायला सांगावे. पहिल्या वेळी बायका हसतील, थांबतील; त्यांना घाई करू नये. आमच्याकडच्या दोन आशाताई पावरी उत्तम बोलतात, त्या या कामाला यायला तयार आहेत. आपण साक्रीकडचे काम सुरू केले की कळवावे, शिरपूरच्या पाड्यांवरची चित्रे आम्ही गोळा करू.